कार्डाआधी कॅबिनेट उघडा

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत गेमिंगसाठी आलेला पहिला कॉम्प्युटर हा कुठल्यातरी ऑफिसातून बाहेर पडलेला टॉवर असतो. कंपन्या काही वर्षांनी मशिन्स एकगठ्ठा बदलतात. जुनी मशिन्स व्यापाऱ्यांच्या हाती जातात, साफसूफ होतात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावोगावच्या दुकानांत 'रिफर्बिश्ड' म्हणून विकली जातात. डेलचं ऑप्टिप्लेक्स ९०२० हे त्यातलं एक नेहमीचं मॉडेल. चौथ्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह ४५९० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २९० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. कॉलेजचे प्रोजेक्ट, ऑनलाइन फॉर्म, सिनेमे, सगळं यावर निभतं. गेम लावला की मात्र चित्र अडखळतं, कारण चित्र काढायचं काम प्रोसेसरमध्येच बसवलेल्या इंटेल एचडी ४६०० या छोट्या भागावर पडलेलं असतं.

मग घरात ग्राफिक्स कार्डाची चर्चा सुरू होते. व्हिडिओ पाहिले जातात, मित्रांना विचारलं जातं आणि बजेटमध्ये बसणारं सगळ्यात वेगवान कार्ड शोधलं जातं. पैसे वाया जातात ते इथे. साठवलेल्या पैशांतून आणलेलं कार्ड बसतच नाही, बसलं तर मशीन मध्येच बंद पडतं, किंवा सगळं नीट चालूनही गेम होता तिथेच राहतो.

माझं या प्रकरणातलं म्हणणं एवढंच आहे की जुन्या मशीनसाठी कार्ड निवडताना सुरुवात मशीनपासून करावी. वीज किती मिळते, स्लॉट कोणता आहे, प्रोसेसरमध्ये किती दम आहे आणि समोरचा मॉनिटर किती मोठं चित्र मागतो, या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की बाजारातली बहुतेक नावं आपोआप गळतात. उरलेल्या दोन-तीन नावांतून निवड करणं सोपं असतं. वर सांगितलेलं ऑप्टिप्लेक्स समोर ठेवून आपण एकेक प्रश्न पाहू. तुमचं मशीन वेगळं असलं तरी क्रम हाच राहील.

अडलंय कुठे?

गेममध्ये दिसणारं प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोघांच्या हातून जातं. कोण कुठे उभं आहे, गोळी कुठे लागली, पुढच्या क्षणी काय दाखवायचं, हा हिशेब प्रोसेसर करतो. तो हिशेब घेऊन पडद्यावरचा एकेक ठिपका रंगवायचं काम कार्ड करतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर दोघांनाही आपापलं काम साधारण १६.७ मिलिसेकंदांत उरकावं लागतं. पंगतीत आचाऱ्याच्या कढईतूनच जिलबी हळू निघत असेल तर वाढपी वाढवून पानं लवकर भरत नाहीत. प्रोसेसर मागे पडत असेल तर महागडं कार्ड त्या वाढप्यासारखं नुसतं उभं राहतं.

हे ओळखायला पैसे लागत नाहीत. तुमच्याकडे आधीच एखादं जुनं कार्ड असेल तर गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरमधलं परफॉर्मन्सचं पान उघडा. विंडोज १० आणि ११ मध्ये तिथे जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स चिपचा, वापरही दिसतो. जीपीयू सतत ९५ ते १०० टक्क्यांवर असेल तर कार्ड अपुरं पडतंय. जीपीयू पन्नास-साठ टक्क्यांवरच रेंगाळतोय आणि प्रोसेसरचे कोअर भरून वाहताहेत, असं दिसलं तर अडचण प्रोसेसरची आहे. दुसरी चाचणी आणखी सोपी. गेमचं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा. एफपीएस, म्हणजे सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेमचा आकडा, चांगलाच वाढला तर भार कार्डावर होता. आकडा जागचा हलला नाही तर कार्ड बदलून फार फरक पडणार नाही.

आय-फाइव्ह ४५९० ला चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत. जीटीए फाइव्हसारख्या २०१५ साली पीसीवर आलेल्या गेमसाठी ते पुरेसे आहेत. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धात्मक गेममध्ये एफपीएस किती वर जाईल हे बऱ्याच अंशी प्रोसेसर ठरवतो. सायबरपंक २०७७ सारख्या मोठ्या मोकळ्या जगाच्या गेममध्ये चार थ्रेड लवकर दमतात आणि मध्येच झटके बसतात. म्हणून कार्ड घ्यायच्या आधी आपण नेमके कोणते गेम खेळतो याची छोटी यादी करा. 'पुढे काहीही खेळता यावं' या विचाराने केलेली खरेदी जुन्या मशीनला हमखास महागात पडते.

याच टप्प्यावर रॅमही पाहून घ्या. कितीतरी रिफर्बिश्ड मशीनमध्ये ८ जीबीची एकच स्टिक असते. तशीच दुसरी ८ जीबीची स्टिक लावली की रॅम १६ जीबी होते आणि दोन्ही चॅनेल एकदम चालू लागतात. जुनी डीडीआर३ रॅम सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळते. गेम हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवा. एवढं केल्यावर कार्डाकडे वळलं तर कार्डाचे पैसे पुरेपूर वसूल होतात.

एसएमपीएसवरचं लेबल

कॅबिनेटची बाजूची पट्टी काढा आणि एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरांतला वॅटचा आकडा लगेच नजरेत भरतो, पण आपल्या कामाचा आकडा खालच्या तक्त्यात असतो. तिथे +३.३, +५ आणि +१२ व्होल्ट असे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली अँपिअर लिहिलेले असतात. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही प्रामुख्याने १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. समजा एखाद्या स्वस्त एसएमपीएसवर '४५० वॅट' छापलंय आणि +१२ व्होल्टखाली १८ अँपिअर लिहिलेत. १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसरसाठी त्यातून खरोखर मिळणारी वीज एवढीच. ब्रँडेड ऑफिस मशीनचा २९० वॅटचा एसएमपीएस आकड्याने लहान दिसतो, पण असल्या नावापुरत्या ४५० वॅटपेक्षा तो जास्त भरवशाचा असतो.

आता कार्डाची बाजू. मदरबोर्डवरचा ग्राफिक्सचा लांब स्लॉट नियमानुसार जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. कार्डाला त्याहून जास्त लागत असेल तर एसएमपीएसमधून वेगळी वायर यावी लागते. सहा पिनांचा कनेक्टर आणखी ७५ वॅट देतो, आठ पिनांचा १५० वॅट. ऑप्टिप्लेक्ससारख्या ऑफिस मशीनच्या एसएमपीएसला बहुधा या दोन्ही वायरी नसतात. म्हणजे अशा मशीनसाठी पहिली चाळणी आपोआप लागते: फक्त स्लॉटच्या विजेवर चालणारं कार्ड.

हिशेबही करून पाहू. आय-फाइव्ह ४५९० चा टीडीपी, म्हणजे कंपनीने सांगितलेला भार, ८४ वॅट. कार्डाचे ७५. मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे मिळून ढोबळ मानाने ४० वॅट धरा. बेरीज २०० च्या आसपास येते. २९० वॅटचा चांगला एसएमपीएस एवढा भार निवांत पेलतो आणि वर थोडा श्वास उरतो.

इथे एका धोक्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. सहा किंवा आठ पिनांची वायर नसली की दुकानदार साटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, वायरीवरून आठ पिन काढून देणारा अ‍ॅडॉप्टर पुढे करतो. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. मिळून ५४ वॅट होतात. त्यातून १५० वॅट ओढायचे म्हटले की प्लास्टिक वितळतं आणि आगही लागू शकते. स्वस्तातल्या वायरीसाठी घर धोक्यात घालू नका. मोठं कार्ड हवंच असेल तर एसएमपीएस बदला.

तो बदलतानाही आधी मदरबोर्डकडे पाहा. साध्या असेंबल केलेल्या मशीनमध्ये २४ पिनांचा कनेक्टर असतो आणि कुठलाही चांगला एटीएक्स एसएमपीएस लागतो. ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या मदरबोर्डवर मात्र डेलचा स्वतःचा आठ पिनांचा कनेक्टर आहे. तिथे २४ पिनांवरून आठ पिनांवर आणणारा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. तो खर्च कार्डाच्या किमतीतच धरा.

घरी यूपीएस असेल तर त्याचाही विचार करा. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसची क्षमता साधारण ३६० वॅट असते. मॉनिटर आणि मोठ्या कार्डाचा भार त्याच्यापलीकडे गेला तर लाइट गेल्याबरोबर यूपीएस सांभाळायच्या ऐवजी सगळंच बंद करेल.

स्लॉट, लेन आणि चार इंच जागा

पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट सगळीकडे सारखाच दिसतो, पण त्यातून किती वेगाने माहिती जाते हे पिढीवर आणि लेनच्या संख्येवर ठरतं. तिसऱ्या पिढीच्या १६ लेनमधून सेकंदाला जवळपास १६ जीबी माहिती जाते. चौथ्या पिढीत एका लेनचा वेग दुप्पट होतो. आपलं आय-फाइव्ह ४५९० चं मशीन तिसऱ्या पिढीचं आहे. दुसऱ्या पिढीच्या आय-फाइव्ह २४०० चं मशीन त्याहून एक पायरी मागे, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस २.० वर.

हा तपशील महत्त्वाचा ठरतो तो २०२२ पासूनच्या स्वस्त कार्डांमुळे. एएमडीची आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही दोन्ही कार्डं २०२२ मध्ये आली. दोन्ही मुळात लॅपटॉपसाठी आखलेल्या चिपवर बनली असल्याने त्यांना फक्त चार लेन आहेत. चौथ्या पिढीच्या स्लॉटवर त्या चार लेन सेकंदाला सुमारे ८ जीबी वाहून नेतात. आपल्या जुन्या मशीनवर तेच ४ जीबी होतात. कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबीच असल्याने ती भरली की टेक्स्चर रॅममधून या अरुंद वाटेने आणावे लागतात आणि नेमकं तेव्हाच चित्र अडखळतं. म्हणजे जुन्या मशीनचा मालक ज्या कार्डाचा स्वाभाविक गिऱ्हाईक आहे, ते कार्ड त्याच्याच मशीनवर सगळ्यात जास्त मार खातं. शिवाय या दोन्ही कार्डांत व्हिडिओ एन्कोडर नाही. गेम रेकॉर्ड किंवा स्ट्रीम करायचा असेल तर तो भारही प्रोसेसरवर येतो.

इंटेलच्या आर्क ए३८० चंही तसंच. ६ जीबी मेमरी आणि कमी वीज पाहून मोह होतो, पण आर्क कार्डांना 'रिसाइझेबल बार' ही सोय बायोसमध्ये चालू असावी लागते. ती नसेल तर त्यांचा वेग बराच घसरतो. इंटेल स्वतः दहाव्या पिढीचे किंवा त्यानंतरचे प्रोसेसर सुचवतं. चौथ्या पिढीच्या ऑफिस मशीनला ही सोय मिळत नाही, त्यामुळे तिथे आर्कचा विचार सोडून द्यावा.

आता टेप घ्या. स्लॉटपासून पुढच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतची लांबी मोजा आणि कार्डाच्या पानावरच्या लांबीशी ताडून पाहा. ऑफिस टॉवरमध्ये दोन पंख्यांचं लांब कार्ड पिंजऱ्याला किंवा साटाच्या वायरींना अडतं. एका पंख्याचं आखूड कार्ड अशा ठिकाणी जास्त सोयीचं. तुमचं कॅबिनेट आडवं, सडपातळ असेल तर अर्ध्या उंचीचं, म्हणजे 'लो प्रोफाइल' कार्डच लागेल, आणि त्यासोबत छोटी ब्रॅकेट मिळते का हे विचारून घ्या.

दोन गोष्टी मागाहून डोकं धरायला लावतात. पहिली बायोसची. फार जुन्या, यूईएफआय नसलेल्या मदरबोर्डवर नवं कार्ड लावलं तर पडदा काळाच राहू शकतो. आधी बायोस अपडेट करून घ्या आणि दुकानदाराकडून 'चाललं नाही तर परत' असा शब्द घ्या. दुसरी मॉनिटरची. कित्येक घरांत अजून निळ्या पिनेचा व्हीजीए मॉनिटर आहे. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेपासून पुढच्या कार्डांतून व्हीजीए सिग्नल मुळीच निघत नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए काढायला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, साध्या पिनबदलाने काम होत नाही.

मॉनिटरवरून आणखी एक हिशेब निघतो. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर साधारण साडेदहा लाख ठिपके असतात, १९२० बाय १०८० वर वीस लाखांहून थोडे जास्त. म्हणजे छोट्या मॉनिटरवर कार्डाला जवळपास निम्मंच काम असतं. मॉनिटर बदलायचा विचार नसेल तर साधं कार्डही तुम्हाला छान सेटिंगवर खेळू देईल.

चाळणीतून उरलेली नावं

स्लॉटच्या विजेवर चालणाऱ्या कार्डांत आज तीन नावं मनावर घेण्यासारखी आहेत.

जीटीएक्स १०५० टीआय २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आलं. ४ जीबी मेमरी, ७५ वॅट. वर्षानुवर्षं ऑफिस मशीनचं गेमिंग मशीन करायचं ते हेच कार्ड. पण त्याचा काळ आता संपत आला आहे. एनव्हिडियाने या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, आणि त्यापुढे २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट ठेवले. अगदी स्वस्तात मिळालं आणि जुनेच गेम खेळायचे असतील तरच ते घ्यावं.

जीटीएक्स १६५० एप्रिल २०१९ चं. मेमरी तेवढीच, वीज तेवढीच, पण वेग बराच पुढचा, आणि पूर्ण १६ लेन असल्याने जुन्या स्लॉटवर तोटा नाही. याच नावाने नंतर जीडीडीआर६ मेमरीची आवृत्ती आली. पहिल्या आवृत्तीच्या मेमरीचा वेग सेकंदाला १२८ जीबी आहे, दुसरीचा १९२. समोर दोन्ही असतील तर दुसरी घ्या. मात्र काही मॉडेलांना सहा पिनांची वायर लागते, तेव्हा कार्डाची वरची कड डोळ्यांनी पाहूनच पैसे द्या.

तिसरं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड, फेब्रुवारी २०२४ चं. ७० वॅट, आठ लेन, बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर नाही. जुन्या मशीनसाठी नवीन कार्ड घ्यायचं आणि एसएमपीएसला हात लावायचा नसेल तर माझी पहिली पसंती याला आहे. मेमरी दीडपट आहे, वेग १६५० पेक्षा स्पष्ट जास्त आहे, आणि डीएलएसएसमुळे कमी रिझोल्यूशनवर काढलेलं चित्र मोठं करून दाखवता येतं. शिवाय त्यात रे ट्रेसिंगचं हार्डवेअर आहे. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम: द डार्क एजेस' हे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. तिथे जीटीएक्स कार्ड कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही.

एसएमपीएस बदलायची तयारी असेल, किंवा तुमच्या मशीनमध्ये आधीच ४५०-५०० वॅटचा नामांकित एसएमपीएस असेल, तर आरएक्स ६६०० कडे पाहा. ऑक्टोबर २०२१ चं हे कार्ड १३२ वॅट घेतं, त्याला ८ जीबी मेमरी आणि आठ लेन आहेत. वेग जीटीएक्स १६५० च्या दुपटीच्या आसपास. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर त्याचं नुकसान थोडंच होतं, कारण ८ जीबी मेमरी सहसा भरत नाही आणि बाहेर धाव घ्यायची वेळ क्वचित येते. आय-फाइव्ह ४५९० त्याला पूर्ण जोराने धावू देणार नाही, हे खरं. पण हे कार्ड उद्या नव्या मशीनमध्येही जाईल. दोनेक वर्षांत मशीन बदलायचा पक्का विचार असेल तर आजचा हा खर्च पुढच्या मशीनचा पहिला हप्ता ठरतो.

एकच नाव, दोन कार्डं

स्वस्त कार्डांच्या बाजारात नावावर विसंबून चालत नाही. जीटी १०३० दोन प्रकारांत विकलं जातं. जीडीडीआर५ मेमरीच्या कार्डाचा मेमरी वेग सेकंदाला ४८ जीबी, तर २०१८ साली आलेल्या डीडीआर४ वाल्याचा जेमतेम १६.८. खोक्यावरचं नाव तेच, गेममधला अनुभव अगदी वेगळा. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी कार्डात मेमरीबरोबर कोअरही कमी आहेत: १२८० ऐवजी ११५२. आरएक्स ५८० ला २३०४ कोअर असतात. '२०४८ एसपी' असं लिहिलेलं आरएक्स ५८० म्हणजे कोअरच्या संख्येने आरएक्स ५७० च. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीचं कार्ड १३० वॅटचं आणि २५६० कोअरचं, ६ जीबीचं ७० वॅटचं आणि २३०४ कोअरचं. म्हणून दुकानात विचारताना पूर्ण नाव, मेमरीचा आकार, मेमरीचा प्रकार आणि पिनांची संख्या अशा चार गोष्टी विचारायच्या आणि बिलावरही तसंच लिहून घ्यायचं. जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डं पडदा दाखवण्यापुरती आहेत, गेमसाठी त्यांच्यावर एक रुपयाही खर्च करू नका.

सेकंडहँड घेताना

सेकंडहँड कार्डाला मी नाही म्हणणार नाही. विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये चांगला वेग बसवायचा तो बऱ्याचदा हाच मार्ग आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते 'खणणं' बंद पडलं. रात्रंदिवस चाललेली असंख्य कार्डं त्यानंतर बाजारात उतरली. अशातली काही चांगली निघतात, काहींचे पंखे आणि आतले थर्मल पॅड थकलेले असतात. फरक ओळखायला कार्ड हातात घ्यावं लागतं.

उजेडात धरून स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्या पाहा. त्यांवर काळपट डाग किंवा खोल ओरखडे नकोत. पंखा बोटाने हळूच फिरवा: खरखर किंवा डुगडुग जाणवली तर तो लवकरच बदलावा लागेल. मागच्या बाजूला तेलकट थर दिसला तर कार्ड बराच काळ तापत राहिलं आहे. चिपभोवतीच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर कार्ड आधी उघडलं गेलंय. का उघडलं, ते विचारा.

मग कार्ड मशीनला लावून दाखवायला सांगा. जीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवा. जुन्या जीटीएस ४५० सारख्या चिपवर खोटा बायोस टाकून १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डं बाजारात फिरली आहेत. २०१८ पासून जीपीयू-झेड अशा कार्डांच्या नावापुढे ते बनावट असल्याचं दाखवतं. त्यानंतर फरमार्कसारखी भाराची चाचणी दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. पडद्यावर रंगीत चौकोन किंवा रेघा उमटल्या, मशीन मध्येच रीस्टार्ट झालं किंवा तापमान नव्वदीकडे चढत राहिलं, तर स्वस्त असलं तरी ते कार्ड सोडा. चाचणी घ्यायला नकार देणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. मूळ बिल मागा, वॉरंटी उरली असेल तर तीच खरी बचत.

आरएक्स ५८० स्वस्तात भरपूर मिळतं आणि ८ जीबी मेमरी पाहून मन ओढ घेतं. पण ते १८५ वॅट खातं, आणि एएमडीने २०२३ च्या अखेरीस त्या पिढीचे ड्रायव्हर फक्त दुरुस्तीपुरते ठेवले. एसएमपीएस दमदार असेल आणि खेळायचे गेम जुने असतील तरच ते परवडतं.

कुठे थांबायचं

प्रत्येक जुन्या मशीनला एक मर्यादा असते. आय-फाइव्ह ४५९० च्या जागी त्याच सॉकेटमधला, आठ थ्रेडचा आय-सेव्हन ४७९० सेकंडहँड घेऊन थोडं पुढे जाता येतं, पण तिथे ही वाट संपते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे मागतं ते साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ या सूचनाच नाहीत आणि काही नवे गेम त्यांच्याशिवाय चालत नाहीत. अशा मशीनवर कार्डाचा मोठा खर्च करण्यात अर्थ नाही.

म्हणून खर्चाचे तीन टप्पे ठरवा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचं मशीन असेल तर मिळाल्यास स्वस्त सेकंडहँड जीटीएक्स १६५० घ्या आणि तिथेच थांबा. नव्या मशीनसाठी पैसे साठवा. चौथ्या ते सातव्या पिढीचं ऑफिस मशीन आणि मूळचा एसएमपीएस असेल तर रॅम १६ जीबी करा आणि आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड लावा. एसएमपीएस चांगला असेल, किंवा पुढचं मशीन दृष्टिपथात असेल, तर सरळ आरएक्स ६६०० घ्या. कार्ड, रॅम, एसएमपीएस, कन्व्हर्टर अशी सगळी बेरीज कागदावर मांडा. ती एखाद्या नव्या पिढीच्या रिफर्बिश्ड टॉवरच्या किमतीजवळ जाऊ लागली तर ते दुसरं मशीन घेणं शहाणपणाचं.

कार्ड घरी आलं की घाई करू नका. मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, धूळ झाडा. कार्ड स्लॉटमध्ये दाबताना मागची क्लिप टक्कन बसेपर्यंत दाबा आणि ब्रॅकेटचा स्क्रू घट्ट करा. मॉनिटरची वायर मदरबोर्डवरून काढून कार्डाला लावा. ती जुन्याच जागी राहिल्याने 'कार्ड चालत नाही' असं वाटणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या कंपनीचं जुनं कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर आधी पूर्ण काढा, मग नवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. शेवटी सुरुवातीला केलेली गेमची यादी काढा, तेच गेम त्याच सेटिंगवर चालवा आणि आधीचा व आताचा एफपीएस शेजारी शेजारी लिहा. मशीन पाहून निवडलेलं कार्ड असेल तर तो फरक पहिल्याच संध्याकाळी आकड्यांत दिसतो, आणि पुढचं अपग्रेड कधी व कशाचं करायचं हेही तीच दोन आकड्यांची जोडी सांगते.